काय फवारलं होतं, ते आधी सांगा



या पानावर रोज दहा-पंधरा फोटो येतात आणि निम्म्यांखाली एकच ओळ असते, "सोयाबीन पिवळं पडलंय, काय फवारू?" आता मी इथनं काय सांगणार? पिवळं पडायला कारणं का थोडी आहेत. चुनखडीचं रान असलं की लोह उचललं जात नाही, मग शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. पाणी साचून मुळ्या गुदमरल्या तर सगळं झाडच पिवळं. मोझॅक असला तर हिरवे-पिवळे चट्टे, आणि तो पांढऱ्या माशीनं पसरवलेला, तिथं लोह मारणं म्हणजे पैसा पाण्यात. खोडमाशी आतनं पोखरत असली तर झाड उपटून खोड चिरल्याशिवाय कळतच नाही. म्हणून मी उलट विचारतो. रान कसलं? पाणी साचलं होतं का? तणनाशक कोणतं, कधी मारलं? पानं वरची पिवळी की खालची? एवढी चार उत्तरं आली की निम्मं निदान तिथंच होतं.

आजची नोंद मात्र पिकाची नाही. माणूस आजारी पडला की मोबाईलमधल्या एआयला विचारायचं, हे आता गावात चांगलंच रुजलंय. त्याच्या उत्तरावर भरवसा किती ठेवायचा, असं दोन-तीन जणांनी मला विचारलं होतं. मी दहावी पास माणूस, डॉक्टर नाही. पण गेल्या महिन्यात आमच्या घरातच अनुभव आला, मग जरा खोलात शिरलो. भाचा डी.फार्म. करतोय, इंग्रजीतलं त्यानं वाचून समजावून सांगितलं. त्यातलं जे मला पटलं ते इथं मांडतो.

आधी एक सांगतो. लोक याला विचारतात यात लोकांची चूक नाही. आमच्या गावात उपकेंद्र आहे, प्राथमिक आरोग्य केंद्र नऊ किलोमीटरवर. जरा मोठं दुखणं निघालं की बार्शी, सोलापूर नाहीतर लातूर. दुखणं एकाचं आणि मजुरी दोघांची बुडते, वर गाडीभाडं. तिथं नंबर लावून तीन तास बसायचं आणि डॉक्टरांपुढं तीन मिनिटं. (डॉक्टरांना तरी काय बोल लावायचा, बाहेर शंभर माणूस बसलेलं असतं.) मोबाईल रात्री दोन वाजताही उत्तर देतो, खेकसत नाही. बायामाणसांना जे डॉक्टरांपुढं बोलायला जीभ रेटत नाही ते त्याच्यापुढं लिहिता येतं. हा काय लहान फायदा नाही.

अमेरिकेत २०२३ साली एक अभ्यास झाला. लोकांनी इंटरनेटवर विचारलेले तब्येतीचे १९५ प्रश्न घेतले. त्यांना खऱ्या डॉक्टरांनी दिलेली उत्तरं आणि चॅटजीपीटीची उत्तरं शेजारी ठेवली, कुणाचं कोणतं ते झाकून. तपासणारी माणसं आरोग्य क्षेत्रातलीच होती. त्यांनी शंभरातल्या साधारण ७९ वेळा यंत्राचं उत्तर पसंत केलं, आणि आपुलकीचे मार्कही त्यालाच जास्त दिले. म्हणजे यंत्र बोलतं चांगलं, यात वाद नाही. पण तिथं तपासला तो उत्तराचा कागद. ते उत्तर वाचून कुणी काय केलं आणि तो बरा झाला का, हे त्यात नव्हतं.

आता आमच्या घरचं.

ऑगस्टमध्ये आठ-दहा दिवस उघडीप मिळाली तेव्हा धाकटा भाऊ सोयाबीनवर फवारणी करत होता. पाठीवरचा बॅटरीचा पंप, प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रीन एकत्र असलेलं औषध. सकाळी सातला सुरू केलेलं, साडेअकरापर्यंत चौदा-पंधरा पंप झाले. ऊन चांगलंच तापलेलं. घरी आला तो ओसरीवर बसला, उलटी झाली, घामानं भिजला, चक्कर येतीय म्हणला. पोरगा बारावीला आहे. त्यानं मोबाईल काढला आणि लिहिलं, "वडील उन्हातून आले, उलटी झाली, खूप घाम, चक्कर येते, काय करावे?"

उत्तर झटक्यात आलं, शुद्ध मराठीत. उन्हाचा त्रास झालेला दिसतोय, सावलीत झोपवा, पाय थोडे वर ठेवा, कपडे सैल करा, मीठ-साखरेचं पाणी किंवा ओआरएस द्या, अर्ध्या तासात बरं वाटलं नाही तर डॉक्टरांकडे न्या. मी ते नंतर दोनदा वाचलं. त्यात चुकीचं एक अक्षर नाही. उन्हानं घेरी आलेल्या माणसाला हेच करायला पाहिजे.

मी वरच्या रानात होतो, निरोप आला म्हणून आलो. बघतो तर भावाच्या तोंडातनं लाळ गळतीय, डोळ्यांतनं पाणी, अंगाला औषधाचा वास. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर शेतकरी, शेतमजूर दगावले, त्यानंतर कृषी विभागाच्या एका प्रशिक्षणाला मी गेलो होतो. डोळ्याची बाहुली बघायची, एवढं तिथलं डोक्यात बसलं होतं. बघितली. मोहरीएवढी झालेली. मी पोराला म्हणलं, "फवारत होता हे लिहिलंस का त्यात?" तो म्हणला, "तात्या, त्यानं विचारलंच नाही."

हे वाक्य माझ्या डोक्यातनं गेलेलं नाही. पोरगं खरं बोलत होतं. त्याच्या लेखी बाप रानातनं आला, ऊन होतं, ऊन लागलं. फवारणी ही रोजची गोष्ट, ती काय सांगायची?

आम्ही भावाचे कपडे काढले, हातमोजे घालून साबणानं अंग धुतलं. तेवढ्यात पोरानं त्याच मोबाईलवर दुसऱ्यांदा लिहिलं, या वेळी औषधाचं नाव घालून. आता उत्तर पार बदललं. ही कीटकनाशकाची विषबाधा असू शकते, कपडे काढा, त्वचा साबणानं धुवा, तोंडात बोटं घालून उलटी करवू नका, बाटली किंवा लेबल सोबत घेऊन लगेच रुग्णालयात न्या, थांबू नका. तेच यंत्र, तोच माणूस, मध्ये गेली पंचवीस मिनिटं. पहिल्या उत्तरात अर्धा तास वाट बघा होतं, दुसऱ्यात एक मिनिटही थांबू नका.

शेजाऱ्याची पिकअप दारातच होती. तालुक्याच्या दवाखान्यात पोचलो तर डॉक्टरांचं पहिलं वाक्य, "काय फवारलं होतं ते आधी सांगा." बाटली पिशवीत होती, दिली. त्यांनी लेबल वाचलं, बॅटरी मारून डोळे बघितले, छातीला नळी लावली. मग विचारलं, "पंप पाठीवर गळत होता का?" हा प्रश्न आमच्या कुणाच्याच डोक्यात आला नव्हता. सदऱ्याची पाठ कमरेपर्यंत ओली होती आणि आम्ही सगळे तो घाम धरून चाललो होतो. ॲट्रोपिन सुरू झालं. चार दिवस ठेवून घेतलं, पाचव्या दिवशी घरी आला. आता बरा आहे. डॉक्टरांनी सध्या औषधाला हात लावायचा नाही म्हणून सांगितलंय, म्हणून राहिलेलं रान मी फवारलं.

आता हे आमच्याच घरी झालं असं नाही, आणि अडाणीपणानं झालं असंही नाही. भाच्यानं ऑक्सफर्ड विद्यापीठाचा एक अभ्यास दाखवला, २०२५ मध्ये पुढं आलेला. विलायतेतली १,२९८ माणसं घेतली, शिकलीसवरलेली, स्वतःच्या भाषेत लिहिणारी. डॉक्टरांनी आजाराचे दहा प्रसंग लिहून काढले. तो सगळा प्रसंग थेट यंत्राला वाचायला दिला तर त्यानं शंभरातल्या जवळजवळ ९५ वेळा आजार बरोबर ओळखला. मग तेच प्रसंग माणसांना दिले आणि सांगितलं, हे तुम्हाला झालंय असं समजा आणि यंत्राला विचारून ठरवा. तर बरोबर आजारापर्यंत पोचले शंभरात ३५ सुद्धा नाहीत. घरी बसायचं का दवाखान्यात पळायचं हे ठरवण्यातही निम्म्याहून जास्त वेळा चुकले. आणि ज्यांना यंत्र दिलंच नव्हतं, तुम्ही एरवी जसं ठरवता तसं ठरवा म्हणून सांगितलं होतं, त्यांच्यापेक्षा यंत्रवाले काही पुढं गेले नाहीत.

९५ आणि ३५ मधलं हे अंतर आपल्याला नवीन नाही. बियाण्याच्या पिशवीवर छापलेला उतारा आणि आपल्या काट्यावर आलेला उतारा, तसंच हे. वाण खोटा नसतो. त्यांच्या प्लॉटवर सगळं वेळेवर मिळालेलं असतं, आपल्या रानात अर्धं मिळतं. इथं यंत्राला माहिती अर्धी मिळते, कारण कोणती गोष्ट कामाची आणि कोणती बिनकामाची हे आजारी माणसाला ठाऊक नसतं. ते ठाऊक असतं तर तो निम्मा डॉक्टरच झाला असता.

डॉक्टर जे शिकतात त्यात मला वाटतं औषधांपेक्षा हे विचारणं जास्त मोलाचं आहे. मण्यारीचं उदाहरण घ्या. ती रात्री येते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दात बारीक, दुखत नाही, सूज नाही, कित्येकदा खूणही दिसत नाही. माणूस पहाटे उठतो तो पोटात कळ आली म्हणून, नाहीतर घशात अडकल्यासारखं होतंय, डोळे उघडत नाहीत म्हणून. असा माणूस मोबाईलवर काय लिहील? "पोटात दुखतंय, मळमळतंय." साप हा शब्द तो लिहिणारच नाही, कारण साप चावलाय हे त्यालाच माहीत नाही. मग यंत्र पित्ताचं सांगणार, आणि दिलेल्या माहितीवर ते काही वावगं नाही. पावसाळ्यात पहाटे असा माणूस आला की ग्रामीण भागात काम केलेला डॉक्टर पापण्या वर उचलून बघतो आणि विचारतो, "रात्री खाली झोपला होता का? रानात होता का?" आपल्या देशात सापानं वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं मरतात, असा २००० ते २०१९ या वीस वर्षांचा अंदाज आहे. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारींवर एकच लस चालते आणि ती सरकारी दवाखान्यात मिळते. पण ती द्यायची वेळ आलीय हे कुणाच्या तरी डोक्यात आलं पाहिजे.

विंचवाचंही तसंच. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर, २०२२ ला त्यांना पद्मश्री मिळाली. कोकणात लाल विंचू चावून पोरं मरायची. हे सत्तरच्या दशकात बिरवाडीच्या आरोग्य केंद्रावर होते, रोग्याच्या उशाशी रात्र रात्र बसून नाडी किती, रक्तदाब किती, फुप्फुसात पाणी कधी भरलं हे टिपत राहिले. त्यातनं विंचवाच्या विषाला रक्तदाबाची प्राझोसिन ही गोळी लागू पडते हे निघालं आणि मरण्याचं प्रमाण एकदम खाली आलं. लॅन्सेटसारख्या मोठ्या मासिकात त्यांचं लिखाण छापून आलं. आज तुम्ही यंत्राला विंचवाचं विचारलं आणि त्यानं प्राझोसिनचं नाव घेतलं तर ते मूळचं त्या बिरवाडीच्या खाटेवरचं आहे. यंत्रानं ते वाचलंय, आणि वाचलेलं ते चांगलं सांगतं. खाटेवरचा माणूस मात्र त्याला दिसत नाही.

आणि मग भाषा. याबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण कृषीवाल्या मंडळींनाही हे लागू आहे. सरकारनं २०२५ मध्ये शेतीसाठी एआयचं धोरण आणलं, महाविस्तार ॲपवर आता मराठीत प्रश्न विचारता येतात, चांगली गोष्ट आहे. पण मराठी म्हणजे कोणती मराठी? अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठातल्या संशोधकांनी तब्येतीचे तेच प्रश्न इंग्रजीत आणि हिंदी, चिनी, स्पॅनिशमध्ये विचारून बघितले, तर इंग्रजीतली उत्तरं जास्त बरोबर आणि बाकीच्या भाषांत घसरलेली. हिंदीची ही गत, तर आपल्या धाराशिवच्या बोलीची काय असेल?

मी मुद्दाम बघितलं. आमच्याकडं अर्धांगवायूला "अंगावरून वारं गेलं" म्हणतात. मी दोन वेगवेगळ्या ॲपवर लिहिलं, "आजीच्या अंगावरून वारं गेलंय, तोंड वाकडं झालं नाही पण हात उचलत नाही." एकाला बरोबर कळलं, लगेच दवाखान्यात न्या म्हणालं. दुसऱ्यानं गार वाऱ्यापासून जपायला आणि हाताला गरम तेल चोळायला सांगितलं. वारं गेलेल्या माणसाला गुठळी विरघळायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, त्यातला तास तेल चोळण्यात गेला तर? बायकांचं "अंगावरून जाणं" हे तर अगदीच निराळं दुखणं, शब्द मात्र तेच.

सगळ्यात अवघड शब्द आपल्या रोजच्या तोंडातला आहे, औषध. पिकावर मारतो तेही औषध आणि माणूस खातो तेही औषध. आमच्या गावात "त्यानं औषध घेतलं" असं कुणी ओरडत आलं की कुठली गोळी घेतली असं कुणी विचारत नाही, अख्खं गाव गाडी शोधायला पळतं. मी तेवढंच वाक्य लिहून बघितलं, "भावाने औषध घेतलं आहे, काय करू?" उत्तर आलं, कोणतं औषध आणि डॉक्टरांनी किती वेळा घ्यायला सांगितलं आहे ते कळवा. त्याचाही दोष नाही म्हणा. त्यानं आपलं गाव बघितलेलं नाही. पण ज्या घरात असा प्रसंग येईल त्या घरानं तिथं टाईप करत बसू नये, एवढं मात्र मी हात जोडून सांगतो. १०८ ला फोन, आणि बाटली सोबत. दिल्लीच्या एम्समध्ये विषबाधेची माहिती देणारं राष्ट्रीय केंद्र आहे, १८०० ११६ ११७ या नंबरवर, दिवसरात्र, फुकट. तिथं माणूस बोलतो. गाडीत बसल्यावर करा तो फोन, आधी गाडी.

एवढं सगळं लिहून मी यंत्र वापरूच नका म्हणतोय असं कुणी समजू नये. आमची कारभारीण दोन वर्षं साखरेच्या गोळ्या घेते. तिच्या रिपोर्टात एचबीए१सी म्हणून एक आकडा असतो, ७.९ आला होता. कितीदा तपासणी केली, तो आकडा काय असतो हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्हीही विचारलं नव्हतं. यंत्रानं इतकं सोपं करून सांगितलं की आमच्या आईलाही कळलं. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्यांना जेवढी साखर चिकटली त्यावरनं मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशोब निघतो, म्हणून तपासणीच्या आदल्या दिवशी गोड सोडून उपयोग नाही. कारभारीण आदल्या दिवशी नेमानं गोड सोडायची, ती हसायलाच लागली. कागदावरचं वाचून उलगडून सांगायचं असलं की यंत्रासारखा मास्तर नाही. दिलेली माहिती पूर्ण असते ना, सगळा रिपोर्ट समोर असतो.

पण पुढचा प्रश्न तिनं विचारला तिथं गाडी घसरली. नवरात्रात ती नऊ दिवस उपवास धरते. तुळजापूर एवढं जवळ असल्यावर आमच्या भागात घरटी एक तरी बाई धरतेच. तिनं विचारलं, "शुगर आहे, नऊ दिवस उपवास करू का?" यंत्रानं मोठं उत्तर दिलं. थोडं थोडं खा, पाणी प्या, फळं मोजकी, साबुदाण्यानं साखर लवकर वाढते, तो टाळा, भगर चालेल. दुसऱ्या दिवशी सुनेनं तेच विचारलं तर भगरही जपून खा. तिसऱ्यांदा विचारलं तर उपवासच करू नका. तिन्ही उत्तरं तितक्याच ठामपणे. मला कृषी केंद्रावरच्या काउंटरची आठवण झाली, सकाळी मालक एक सांगतो, दुपारी त्याचा पोरगा दुसरं.

ज्या डॉक्टरांकडं ती जाते त्यांना मी फोनवर हेच विचारलं. ते म्हणाले, "गोळी कोणती चालू आहे? पट्टीवरचं नाव वाचा." मी वाचलं, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड दोन्ही एकत्र असलेली. मग त्यांनी सांगितलं. नुसती मेटफॉर्मिन असती तर उपाशीपोटी साखर एकदम खाली जायचा धोका फार कमी. ग्लिमेपिराइड मात्र जेवा न जेवा, साखर खाली ओढतेच. उपवासात हीच गोळी नेहमीसारखी घेतली तर घाम फुटून, हातपाय थरथरून बाई पडते, आणि घरचे म्हणतात देवीचं वारं आलं. गोळी बदलायची का कमी करायची हे बघून ठरवू, घट बसायच्या आधी घेऊन या, मनानं बंद करू नका. सगळा प्रश्न त्या पट्टीवरच्या नावात होता. भगर आणि साबुदाणा नंतरची गोष्ट.

अमेरिकेतला एक प्रकार भाच्यानं सांगितला तो तर डोकं चक्रावून टाकणारा आहे. साठीतला एक माणूस, मीठ वाईट असं कुठंतरी वाचून त्यानं मिठाला पर्याय काय हे चॅटजीपीटीशी बोलून शोधलं आणि सोडियम ब्रोमाइड नावाचं रसायन तीन महिने जेवणात घातलं. शेजारी विष घालतोय असे भास व्हायला लागले, तेव्हा दवाखान्यात गेला. तीन आठवडे आत होता. २०२५ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी हे छापलं. मिठाच्या जागी ब्रोमाइड वापरतात, पण साफसफाईच्या कामात. खायला पाहिजे का धुवायला, सगळा फरक त्यातच होता. शिकलेला माणूस होता बरं का, कॉलेजात आहारशास्त्र शिकलेला.

तर आता आमच्या घरात काय चाललंय ते सांगतो, तुम्हाला पटलं तर बघा. पोराला मी यंत्राची मनाई केलेली नाही. उलट त्याला लिहायची रीत बदलायला लावली. लक्षण लिहायच्या आधी माणूस लिहायचा. वय किती, आधीचं दुखणं काय, गोळ्या कोणत्या, पट्टीवरची नावं जशीच्या तशी. काल आणि आज कुठं होता, काय काम केलं, काय फवारलं, कुठं झोपला, काय खाल्लं. आणि शेवटी एक ओळ घालायची, "उत्तर देण्याआधी तुला आणखी काय माहिती लागेल ते विचार." ही ओळ भाच्यानं शोधून काढली. ती घातली की यंत्र बऱ्यापैकी उलट प्रश्न विचारतं, पाच-सहा तरी. सगळे कामाचे नसतात, पण "काही औषध फवारलं होतं का" हा प्रश्न त्यात दोनदा आलेला मी बघितलाय. बोलीतले शब्द टाळायचे, वारं गेलं न लिहिता हात उचलत नाही, बोलणं जड झालंय असं जे दिसतंय ते लिहायचं. फवारणीच्या औषधाला कीटकनाशक, तणनाशक असंच लिहायचं.

यात एक मेख आहे ती पण सांगतो. एवढं सगळं लिहायला वेळ असेल, तर यंत्राला विचारायला हरकत नाही. छातीत दुखतंय, दम लागलाय, माणूस शुद्धीत नाही, साप, विंचू, विषारी औषध, अंगाची एक बाजू लुळी पडलीय, बाळंतीण बाई, तान्हं मूल, यात लिहायला वेळ नसतो, आणि म्हणून विचारायलाही नसतो.

फवारणीच्या खोलीत दाराच्या आतल्या बाजूला आता एक वही टांगलीय. तारीख, औषधाचं नाव आणि त्यातले घटक, लेबलवरच्या त्रिकोणाचा रंग, किती पंप, कोणी मारलं, सुरू किती वाजता, संपलं किती वाजता. लाल त्रिकोण सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, हिरवा त्यातल्या त्यात सौम्य, हे वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलंय. लेबलवर विषबाधा झाल्यावर काय करायचं आणि उतारा काय तेही बारीक अक्षरात छापलेलं असतं. चष्मा लावून एकदा वाचा, आपण सगळे फक्त प्रमाण वाचतो, एकरी किती मिली. रिकामी बाटली त्या दिवशी फेकायची नाही, दुसऱ्या दिवसापर्यंत जागेवर ठेवायची. कृषी सहायक आले होते, त्यांनी वहीचा फोटो काढून नेला.

कारभारणीची तारीख सोमवारची आहे. तिनं यंत्राच्या मदतीनं डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांचा एक कागद केलाय, म्हणजे तिथं तीन मिनिटांत विसरायला नको. गोळी किती कमी करायची, ती सकाळी का रात्री, साखर खाली गेल्याचं कशावरनं ओळखायचं, जवळ काय ठेवायचं. यंत्रानं सहा प्रश्न काढून दिले होते, तिनं दोन खोडले आणि खाली स्वतःच्या अक्षरात एक वाढवला, तुळजापूरला चालत गेलं तर चालेल का. आमच्या गावापासून अंतर किती आणि ती किती तासांत चालते, हे पण तिनं कंसात लिहिलंय.